घाट कधी लागतलो?

मे महिन्यात गावी जायचं ठरलं की आमच्या घरात आठवडाभर एकच वाद चालतो. गोवा हायवेने जायचं की पुण्यावरून? बायको साताऱ्याची, म्हणजे आईच्या भाषेत ‘घाटावरची’. तिचं म्हणणं, सरळ एक्स्प्रेस वे धरावा, पुणं, सातारा, कोल्हापूर मागे टाकावं आणि फोंडा घाटाने कणकवलीत उतरावं. किलोमीटर जरा जास्त होतात, टोलही जास्त जातो, पण डोक्याला ताप नाही. शिवाय दुपारचं जेवण तिच्या माहेरी. हे शेवटचं ती बोलत नाही, तरी आईला ते बरोबर ऐकू जातं.

“गोवा हायवेनाच जावचा,” आई म्हणते. “आपल्या वाटेक आपले देव असत.”

मग निकाल गाडी चालवणाऱ्यावर सोपवला जातो. गाडी चालवतो मी, आणि मी कोणाचं ऐकणार हे दोघींनाही आधीपासून ठाऊक असतं.

यंदाही तसंच झालं. २०२५ च्या मे महिन्यातला पहिला शनिवार. गाडीत पाच माणसं : सत्तरीची आई, बायको, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा, चौथीतून पाचवीत जाणारी मुलगी आणि मी. डोंबिवली ते कसालच्या आत असलेलं आमचं गाव, साधारण साडेचारशे किलोमीटर. सहावा प्रवासी डॅशबोर्डच्या कप्प्यात होता. बाबांची शंभर पानी वही.

बाबांनी जुनी ओम्नी घेतली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. गावच्या प्रत्येक फेरीची नोंद ते या वहीत करत. कुठे किती वाजता पोहोचलो, पेट्रोल किती भरलं, कोणी कुठे उलटी केली. १९९७ च्या मे महिन्याचं पान असं आहे : ‘डोंबिवली ४.०० प. पेण ६.००. महाड ८.५०. कशेडी घाट, गाडी तापली, ४० मि. थांबलो. सौ.ला गाडी लागली. चिपळूण १२.०५, जेवण.’ आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं : ‘घर ४.५० सं.’ बारा तास पन्नास मिनिटं.

मराठीत प्रवासाचं अर्धं वर्णन एका क्रियापदावर भागतं. पनवेल लागतं, मग पेण लागतं. चढ लागतो, ऊन लागतं, भूक लागते, डुलकी लागते. आजोबा गिरणीत होते तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जात. बोट मालवणला लागायची, आणि तिथे लागेपर्यंत आतल्या माणसांना बोट लागायची. पोहोचणं आणि ओकणं, दोन्हींना आपण एकच शब्द ठेवला आहे. जुन्या लोकांचा अनुभवच तसा असावा.

डोंबिवली, पहाटे ४.१५

सीएनजीच्या गाडीत सामान लावणं हे वेगळंच शास्त्र आहे. डिकीत गॅसची टाकी आडवी पसरलेली. उरलेल्या फटीत मऊ पिशव्या कोंबायच्या, कडक बॅगा टपावर बांधायच्या आणि जे कुठेच मावत नाही ते आईच्या पायाशी ठेवायचं. यंदा तिच्या पायाशी होता तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, बटाट्याच्या सुक्या भाजीचा डबा, पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि गावच्या देवळासाठी घेतलेली पितळी समई.

चाकांखाली लिंबं ठेवून झाली. मी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. बाबा घालायचे ते पाच मिनिटं चालायचं. गावदेवतेपासून वाटेतल्या वेताळापर्यंत कोणी सुटत नसे. माझं अर्ध्या मिनिटात संपलं. प्रत्येक वाक्यानंतर ‘होय म्हाराजा’ म्हणायला मुलं मात्र खच्चून ओरडली. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला, तशी मी घाईने गाडी काढली.

आईने आणखी एक लिंबू वेगळं ठेवलं होतं, ते तिने उजव्या मुठीत धरलं. हे लिंबू कशेडीसाठी. आईला घाटात गाडी लागते. लग्न होऊन पहिल्यांदा एसटीने गावी गेली तेव्हा लागली होती, तेव्हापासून दरवर्षी लागते. आवळासुपारी, आलेपाक, खिडकीची जागा, पोटाला बांधलेला रुमाल असे सगळे उपाय करून झाल्यावर ती लिंबावर स्थिरावली. नखाने साल जराशी खरवडायची आणि नाकाशी धरायचं.

“आत्तापासून कशाला धरून बसलात, आई?” बायको म्हणाली.

“हातात आसलेला बरा,” आई म्हणाली.

पळस्पे ते वडखळ

पळस्पे फाट्यावर हायवे खरा सुरू होतो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६. पनवेलहून निघालेला हा रस्ता गोवा, कर्नाटक, केरळ करत थेट कन्याकुमारीला जातो. पण आमच्याकडे कन्याकुमारीचं नाव कोणी घेत नाही. मुंबईकरांच्या लेखी तो गोवा हायवे, आणि गोव्याला न जाणाऱ्या चाकरमान्यांच्या लेखीही गोवा हायवेच.

पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. माझा मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता. आज त्याला मिशी फुटली आहे. जमिनीची अडलेली संपादनं, बदललेले ठेकेदार, वर्षातले चार महिने पडणारा पाऊस, कोर्टातल्या जनहित याचिका आणि दर गणपतीच्या तोंडावर खड्डे बुजवण्याची आश्वासनं, हे सगळं कोकणातल्या माणसाला इतकं पाठ झालंय की त्यावर आता कोणी चिडतही नाही. विनोद करतात. वडखळच्या टपरीवर चहा घेताना शेजारचा एक काका आपल्या नातवाला सांगत होता, “तुझ्या लग्नाच्या वऱ्हाडाला होईल बघ हा रस्ता.” नातू दुधाच्या दातांनी हसला.

खरं सांगायचं तर यंदा हा टप्पा बरा होता. अंधारात कर्नाळा गेला. सुळका दिसला नाही, झाडांचा ओला वास तेवढा काचेतून आत आला. पेणला फटफटलं. कारखान्यांच्या दारात अजून रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीने बसलेले दिसले. चतुर्थीला चार महिने होते, पण पेणमध्ये ऋतू एकच असतो. वडखळच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या. त्या जाताना घ्यायच्या की येताना, यावर नवरा-बायकोचं भांडण होणार नाही असा संसार कोकणात नसावा. जाताना घेतल्या तर गाडीभर वास, येताना म्हटलं तर तोवर माल संपलेला. आम्ही घेतल्या नाहीत. येताना बायको ते मला नागोठण्यापासून ऐकवणार होती.

वडखळला वीस मिनिटं गेली. बटाटेवडा, चहा, आणि आईचा प्रश्न :

“घाट कधी लागतलो रे?”

“अजून खूप आहे, आई. महाडच्या पुढे.”

तिने लिंबू चाचपून पाहिलं.

माणगाव, ७.२०

नागोठणं आणि कोलाड कधी गेलं ते कळलं नाही. इंदापूर ओलांडलं, चौपदरी रस्ता आखडला आणि गाड्यांची शेपटी दिसू लागली. माणगाव.

माणगावची कोंडी समजायची तर बाटली उलटी धरावी. मागून चार पदरांनी गाड्या येतात, पुढे गावाची बाजारपेठ, आणि गावाबाहेरून नेणारा बायपास वर्षानुवर्षं अर्धवट. त्यात मे महिन्यातला शनिवार. मुलाने मोबाइलवर नकाशा उघडला. आमच्यापुढची रेघ लाल होती, मधला तुकडा त्याहून गडद.

“पप्पा, एका गल्लीतून रस्ता दाखवतोय. अकरा मिनिटं वाचतील.”

ही अकरा मिनिटं मी दोन वर्षांपूर्वी वाचवली होती. तेव्हा त्या गल्लीत आमच्यासारखेच अकरा मिनिटं वाचवणारे साठ जण होते आणि समोरून कडब्याचा टेम्पो आला होता. मी हायवे सोडला नाही.

पहिल्या गिअरमध्ये सरकत बसलं की गाव दिसायला लागतं. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर दोघी बायका जांभळं आणि करवंदं घेऊन बसल्या होत्या. पानांचे द्रोण, वर मिठाची पुडी. गाडी इतकी हळू चालली होती की बायकोने खिडकीतून भाव विचारला, घासाघीस केली, दोन द्रोण घेतले आणि सुटे पैसे परत मिळेपर्यंत आम्ही जेमतेम तीन दुकानं पुढे गेलो होतो. मुलगी करवंदाचा चीक ओठांना चिकटवून घेत ‘कोंबडा की कोंबडी’ खेळत बसली. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तिला हे कोणी शिकवलं, असं मी विचारणार होतो. मागच्या सीटवर आईने तोंड फिरवलं.

माणगाव सुटायला तासाच्या वर लागला. बायपास झाला की हीच वाट पाच मिनिटांची होईल, आणि झालाच पाहिजे. रुग्णवाहिका अशा कोंडीत अडकतात, तिथे करवंदांचं कौतुक सांगणं बरं नाही. तरी द्रोणवाल्या बायका बायपासवर कुठे बसणार, हे मला कळत नाही. तिथे गाडी थांबवायला मनाई असेल.

महाड, ९.००

गॅसचा काटा लाल रेघेशी टेकला होता. महाडच्या पंपावर रांग अशी की शेवटची गाडी कुठली हे शोधायलाच दोन मिनिटं गेली.

कोकणातल्या बऱ्याच पंपांवर पाइपलाइनने गॅस येत नाही. नळकांड्यांची चळत लादलेला ट्रक येतो, त्याच्यातून गाड्या भरतात. गाडीच्या टाकीत गॅस २०० बारच्या दाबाने भरावा लागतो. ट्रक भरलेला असतो तेव्हा गाडी भराभर भरते; जसजसा तो रिकामा होतो तसा दाब उतरतो, आणि मग पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं लावूनही टाकी अर्धीच. रांगेतल्या माणसांना ही सगळी यंत्रविद्या तोंडपाठ असते. “प्रेशर किती आहे?” हा निरोप पुढून मागे येतो आणि प्रत्येक गाडीगणिक थोडा खाली उतरतो. आमच्यापर्यंत येईतो तो “ट्रक संपत आला” असा झाला होता.

गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, हा या इंधनाचा मोठा सामाजिक उपयोग. झोपलेली पोरं, गुडघे धरलेल्या आज्या, मोबाइलमध्ये गेलेले जावई सगळे एका पत्र्याच्या सावलीत उभे राहतात. पंपावरच्या पोराने आईला प्लास्टिकची खुर्ची दिली. शेजारच्या खुर्चीवर विरारहून गुहागरला निघालेल्या एक बाई होत्या. “गाव कुठलं?” इथपासून सुरुवात झाली आणि तिसऱ्या मिनिटाला दोघींची कुठल्याशा भावकीत ओळख निघाली. त्यांच्याकडून दोन बेसनाचे लाडू आले, आमच्याकडून चार पुऱ्या गेल्या.

फलकावर रायगडचा आणि चवदार तळ्याचा बाण होता. मुलाला सत्याग्रहाचा धडा आठवला, २० मार्च १९२७. “इथून किती लांब आहे? जाऊन येऊ?” आमच्या पुढे अजून नऊ गाड्या होत्या, वेळ होता, आणि तरीही मी नाही म्हणालो, नंबर गेला तर? अठ्ठावीस वर्षं मी महाडवरून जातोय. रायगड एकदा पाहिला, तोही शाळेच्या सहलीत. चवदार तळं अजून पाहिलेलं नाही. हायवेवरच्या माणसाला प्रत्येक गाव फलकावर भेटतं.

सव्वादहाला गाडी सुटली. थोड्या वेळात सावित्रीचा पूल आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या काळोखात प्रवाशांसकट नदीत गेल्या. नवा पूल पुढच्या पावसाळ्याआधी, जून २०१७ मध्ये उभा राहिला. या रस्त्यावर वर्षानुवर्षं होणारी कामं पाहिली की त्या एका पुलाचा वेग चटका लावून जातो. करायचं ठरवलं तर होतं, पण ठरवायला काय घडावं लागतं!

आईने पर्समधून रुपया काढला. नदी आली की नाणं टाकायचं, हा तिचा नेम. काच खाली केली. नव्या पुलाचा कठडा इतका उंच की गाडीतून नदी दिसतच नाही. तिने अंदाजाने फेकलेला रुपया कठड्यावर आपटून रस्त्यातच पडला.

“टोल भरला आजीने,” मुलगा म्हणाला. आईने हात जोडले ते कठड्यालाच जोडले.

कशेडी, १०.४५

पोलादपूर सुटलं. आई सावरून बसली. पदर खोचला, पोटाला रुमाल आवळला, खिडकी चार बोटं उघडी केली आणि लिंबाची साल खरवडली. गाडीभर वास पसरला.

कशेडी म्हणजे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांमधली सीमा. बाबांच्या काळी इथे गाडीची परीक्षा होई. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. चढावर ते तापलं की बाबा आणि त्यांच्या शेजारचा माणूस अक्षरशः तव्यावर बसलेले असत. वळणावर ट्रक आडवा झाला की दोन-दोन तास तिथेच. एसटीच्या रातराणीत मागच्या बाकांवर बसलेली पोरं इथे एकापाठोपाठ खिडक्यांशी धावत. पायथ्याला आणि माथ्यावर हॉटेलं होती ती याच हिशेबाने : चढण्याआधी खाऊ नये म्हणून ओरडणारे आईबाप, आणि उतरल्यावर लिंबूसोडा विकणारे मालक.

आता भोगावपाशी रस्ता सरळ डोंगरात शिरतो. सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा. २०२३ च्या गणपतीच्या तोंडावर तो पहिल्यांदा हलक्या वाहनांसाठी उघडला, पलीकडे खेड तालुक्यात निघतो. घाटात पाऊण तास जायचा. इथे आत शिरल्यावर मुलीने एक ते शंभर आकडे मोजायला घेतले आणि दुसऱ्यांदा शंभरपर्यंत जायच्या आधी समोर उजेड आला. उन्हात बाहेर पडलो, मी गाडी ऐंशीवर नेली. गाडीत गाणी चालू होती. पाच-सात मिनिटं गेली असतील.

“घाट कधी लागतलो रे?” आईने विचारलं.

“घाट गेला, आई.”

“खंय गेलो?”

“आपण बोगद्यातून आलो ना मघाशी. तोच घाट. आता खेड येईल.”

आरशात मला ती दिसत होती. पोटाला रुमाल, मुठीत लिंबू. पन्नास वर्षं ज्याला भ्यायली तो तिला न सांगता मागे राहिला होता.

“माका कळलाच नाय,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, कोणालाच उद्देशून नाही असं, “असो कसो जाता घाट?”

बायको हसली, मीही हसलो. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिने रुमाल सोडला तो रागाने.

परशुराम, चिपळूण, दुपार

खेडजवळ जगबुडीचा पूल लागला. २०१३ च्या मार्चमध्ये इथल्या जुन्या पुलावरून खासगी बस नदीत पडून तीसहून जास्त माणसं गेली होती. आईने या वेळी नाणं फेकलं नाही, मनातच काहीतरी म्हणाली. पुढे परशुराम घाट. डोंगराला उभं कापून केलेला रुंद रस्ता. २०२२ च्या उन्हाळ्यात डोंगर फोडायच्या कामासाठी हा घाट रोज दुपारी वाहतुकीला बंद ठेवत. त्या मे महिन्यात आम्ही आडवाटेने लोट्याहून खाली उतरलो होतो. आता तो तीन गाण्यांत उतरतो. खाली वाशिष्ठी, पलीकडे चिपळूण. बहादूरशेख नाक्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बांधकाम चालू असतानाच उड्डाणपुलाचा भाग कोसळला. तेव्हापासून त्या खांबांखालून जाताना प्रत्येक ड्रायव्हर एकदा वर पाहतो. मीही पाहिलं.

सावर्ड्याच्या पुढे एका आंब्याखाली डबे उघडले. हायवेला मोठी झाडं आता फार उरली नाहीत. दोन्ही बाजूंचे वड, आंबे, चिंचा रुंदीकरणात गेल्या. जेवायला सावली हवी तर हायवे सोडून जुन्या रस्त्याच्या एखाद्या तुटलेल्या तुकड्यावर जावं लागतं. असे तुकडे कोकणात जागोजाग पडलेत. डांबर फुटलेलं, मधली पांढरी रेघ अजून शाबूत, एका टोकाला मातीचा ढीग. आम्ही तसल्याच तुकड्यावर चटई टाकली, म्हणजे ज्या रस्त्यावरून बाबांनी ओम्नी नेली त्याच्या बरोबर मधोमध बसून जेवलो. आई पुरी मोडत वही वाचायला लावत होती. ‘चिपळूण १२.०५, जेवण.’ मुलाने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

“जेवणात आजोबा पुढे आहेत,” तो म्हणाला.

आरवली ते हातखंबा

या पट्ट्याबद्दल बायकोने आधीच बजावलं होतं. संपूर्ण हायवेवर मागे राहिलेला हा तुकडा. डावीकडे वळा, पुन्हा उजवीकडे या, अर्धा पूल, पुढे खडी, ‘काम चालू’ असा फलक आणि काम करणारं कोणी नाही. लाल धुळीने पुढची गाडी दिसेना. आरवलीच्या गरम कुंडांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मागे बसलेली मुलगी मोबाइलवर कार्टून बघत होती. गाडी हिंदकळत होती, तिची मान खाली.

गाडी लागण्याचं कारण साधं आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव असतो तो मेंदूला सांगतो की आपण हलतोय. मोबाइलकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदारांचं जुळलं नाही की पोट निकाल देतं. लहान मुलांना ते जास्त होतं. गाडी चालवणाऱ्याला पुढचं वळण आधीच कळलेलं असतं, त्यामुळे त्याला सहसा होत नाही. बाबा म्हणूनच नेहमी विचारत, “तुम्हाला होतं तरी कसं?”

संगमेश्वरच्या अलीकडे मुलगी पांढरी पडली. “मम्मा, मला कसंतरी होतंय.” मी गाडी बाजूला घेईपर्यंत आईने लिंबू तिच्या नाकाशी धरलं होतं. दार उघडून एक उलटी झाली. धुळीतच बसून तिने चूळ भरली. रडत होती.

“आदी तो फोन ठेव,” आई म्हणाली. आवाजात सकाळपासून नसलेली जरब होती. “आता भायर बघ. लांब बघ. डोंगराकडे.”

जागा बदलल्या. मुलगी खिडकीशी, आई शेजारी, लिंबू मुलीच्या मुठीत. गाडी हलली तशी आई बोलू लागली. आता शास्त्री नदी लागेल. मग सोनवी. संगमेश्वरात संभाजी महाराजांना पकडलं ते इथेच, हे मुलाने मध्येच सांगितलं. मग बावनदी, तिचं नाव तेवढंच, बावनदी. हातखंब्यावरून रत्नागिरीचा फाटा फुटतो, पण आपण सरळ. अंजणारीला काजळी. वाकेडजवळ मुचकुंदी. राजापुरात अर्जुना. खारेपाटण आलं की सिंधुदुर्ग. कणकवलीत जानवली, मग गड. आईला शाळेतला भूगोल येत नाही. या नद्या तिला येतात त्या नाण्यांमुळे. पन्नास वर्षं दरवर्षी येता-जाता एकेक रुपया टाकून पाठ झालेल्या. एसटीत झोप लागू नये, आपली नदी चुकू नये म्हणून ती जागी राहायची.

“सोनवी लागली?” मुलीने विचारलं.

“बघ ना तूच.”

कठडा उंच होता. मुलगी सीटवर गुडघे टेकून उभी राहिली. “आजी, खाली पाणी आहे थोडंसं!”

आईने तिच्या हातावर नाणं ठेवलं. मी गाडी जितकी हळू करता येईल तितकी केली. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. यंदाच्या फेरीतला हा पहिला रुपया, जो कठडा ओलांडून गेला.

घर, ४.५५

खारेपाटणच्या पुढे रस्ता गुळगुळीत आहे. सिंधुदुर्गातला चौपदरी हायवे बाकीच्यांच्या कितीतरी आधी झाला. तिथे गाडी आपोआप वेग घेते आणि पोटातली भीती संपते. कणकवलीच्या उड्डाणपुलावरून बाजार खाली दिसतो न दिसतो तो मागे जातो. ओसरगाव. कसाल. मग लाल मातीचा फाटा, काजूची बाग, गडगा, आणि अंगणात उभा असलेला चुलता. त्याने सकाळपासून चार फोन करून “खंय पावलास?” विचारलं होतं.

मुलाने वहीत नोंद केली. निघालो ४.१५, पोहोचलो ४.५५. बारा तास चाळीस मिनिटं. १९९७ मध्ये बारा तास पन्नास. बोगदे, पूल, काँक्रीट, चौदा वर्षांचं काम, आणि आम्ही बाबांपेक्षा दहा मिनिटं लवकर आलो होतो.

हिशेब इतका सरळ नाही, हे खरं. माणगावची कोंडी, गॅसची रांग, चहा, जेवण आणि उलटी वजा केली तर चाकं फिरली ती नऊ तास. बाबांची त्याहून बरीच जास्त फिरली असणार. उद्या बायपास झाला, रांग नसली, आरवलीचा तुकडा झाला, तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला गावी पोहोचता येईल. मला ते हवं आहे. चाळीस किलोमीटरची खडी आणि धूळ कोणाची आठवण म्हणून जपायची नसते.

पण रस्ता दोन गोष्टी करतो. तो नेतो, आणि वाटेत काहीतरी लागू देतो. नेण्याचं काम अभियंत्यांचं. लागण्याचं काम आजवर खराब रस्ता आमच्याकडून आपोआप करून घेत होता. चांगल्या रस्त्यावर ते आपलं आपल्याला करावं लागेल. गाडी थांबवून, फाट्याला वळून, चवदार तळं बघून. नाहीतर डोंबिवलीनंतर थेट कसालच लागेल.

दहा दिवसांनी परतताना गाडीत आंब्याच्या चार पेट्या, एक फणस आणि परसातलं नवं लिंबू होतं. खेड सुटल्यावर आई म्हणाली, “घाटातसून चल.”

“आई, बोगदा आहे ना.”

“म्हायत आसा. वरसून चल.”

जुन्या घाटाला गर्दी नव्हती. वळणांवर पानं साचलेली, एकदोन ट्रक. माथ्यावरच्या हॉटेलात आठ टेबलं मांडलेली आणि गिऱ्हाईक आम्हीच. चहा करताना मालक म्हणाला, “पूर्वी रात्री दोनलाही इथे सात-आठ एसट्या लागायच्या. पाय ठेवायला जागा नसायची.” त्याने लिंबूसोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पायाने आत सरकवला. “तुम्ही वाट चुकलात की काय?”

“नाय,” आई म्हणाली. “आमी मुद्दाम इलंव.”

बाहेर येऊन ती कठड्याशी उभी राहिली. हा कठडा कमरेइतकाच होता. खाली दरी, पलीकडे धुरकट डोंगर. मुलीने विचारलं, बोगदा कुठून जातो? आईने पायाखाली बोट दाखवलं.

उतरणीला ती सज्ज होऊन बसली. रुमाल, चार बोटं उघडी खिडकी, मुठीत लिंबू. मी एकेक वळण सावकाश घेतलं. पोलादपूर दिसू लागलं तरी कोणालाच गाडी लागली नाही.

आई जरा नाराज दिसली. लिंबू मग माणगावच्या कोंडीत सरबतात गेलं.